पायाळू माणसाचा हात

अकोल्याला गाडीतून उतरलो तेव्हा सकाळचंच ऊन डोळ्यांत खुपत होतं. तिथून एसटीने अमरावती गाठली आणि दुपारी वलगावजवळ दिनकरच्या वावरात (शेतात) पोचलो. दिनकर माझा कॉलेजातला मित्र. सलग दुष्काळाने त्याची संत्र्याची बाग वाळत चालली होती. नव्या बोअरला पाणी लागलं तर बाग वाचणार, नाहीतर उभी झाडं तोडायची.

सुमनवहिनींनी भाकरी आणि झणझणीत झुणका वाढला. गप्पांत मी सहज बोलून गेलो, की मी पायाळू, जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. दिनकरचा घास हातातच राहिला. पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं, असं इकडे सगळेच मानतात.

जेवणानंतर बागेत गेलो. कुणीतरी कण्हत असल्यासारखा आवाज सगळीकडून येत होता. बांधाच्या कडेने कोरड्या बोअरचे उघडे पाइप उभे होते आणि वारा त्यांच्या तोंडांवरून जात होता. 

"एवढे सगळे कोरडे गेले?" मी विचारलं.

"ते कायले पाह्यता भाऊजी?" वहिनी म्हणाल्या. "तो विहिरीजवळचा पाहा. रहीमचाचांनी सांगितला अन् कसं पानी लागलं होतं!"

पाणी पाहणारे रहीमचाचा सोबतच होते. बाकीचे बोअरही त्यांनीच सांगितलेले, पण त्याबद्दल कुणी बोलेना. त्यांनी माझ्या तळहातावर नारळ आडवा ठेवला. "तुमी फकत चाला साहेब. पानी असंल तर नारळ खुद उभा राह्यते."

हे मनाचे खेळ असतात, असं मी पुण्यात कितीतरी जणांना ऐकवलं आहे. पण बागेतल्या कडुलिंबाजवळ नारळ सावकाश उभा राहिला. मी हात हलवला नव्हता, शपथेवर सांगतो. मी घाबरलो, आणि खरं सांगायचं तर मनातून सुखावलोही.

"दिनकर, यावर विसंबू नकोस," मी म्हणालो.

"मंग हात कावून थरथरून राह्यला तुया?"

पुण्याला परतल्यावर जिवाला चैन नव्हतं. अखेर दिनकरचा फोन आला. लिंबाजवळ घेतलेला बोअर कोरडा गेला होता, अर्धी बाग तोडावी लागली होती. मी माफी मागू लागलो.

"माफी कायची? माती वली निघाली. पानी तिथंच हाय, जरासं बाजूले असंल. चाचा बी तेच म्हनते. उरलेल्या झाडांसाठी एकडाव ये."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण लिंबाच्या पलीकडे, बांधाच्या वळणावरही तेव्हा हाताला काहीतरी जाणवलं होतं. खरंच जाणवलं होतं, की आता तसं वाटत होतं, ते मला सांगता येणार नाही.

"शनिवारी निघतो," मी म्हणालो.