आहुप्याच्या एसटीतला एकटा

घोडेगावहून आहुप्याला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. कड्यालगतच्या जंगलात एकटाच भटकणार होता. कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या, स्टँड आणि व्हिडिओसाठी बदलायचे इस्त्रीचे शर्ट त्याने मला हौसेने दाखवले. पाण्याची बाटली मात्र एकच, तीही अर्धी. टॉर्च नाही, वाटाड्या नाही.

"घरी सांगितलंय का?" मी विचारलं.

"सांगून गेलं तर सोलो ट्रेक कसला?" मोबाइलमध्ये बघून केस सारखे करत तो म्हणाला.

पुढच्या सीटवरची म्हातारी मागं वळली. "पावणं, तुमी एकलं जाता, पन हुडकायला आमचं समदं गाव कड्याखाली उतरतं. तुमच्यासारख्याच एकापायी माझ्या लेकाचा पाय मोडला."

तो नुसता हसला. माझं डोकंच फिरलं. एकटं जायचा हक्क मला मान्य आहे. पण आपल्या हौसेसाठी दुसऱ्याचा पाय मोडायचा हक्क याला कुणी दिला?

डिंभे धरणापाशी त्याचा फोन वाजला. पुढे रेंज मिळत नाही.

"हो आई, ऑफिसातच आहे," तो म्हणाला.

मी वाकून फोनजवळ ओरडलो, "काकू, हा आहुप्याच्या जंगलात एकटा चाललाय! संध्याकाळपर्यंत रेंजमध्ये परत येऊन याने फोन केला नाही, तर घोडेगावच्या पोलिसांना कळवा!"

"माझ्या ट्रेकची पार वाट लावलीत तुम्ही," म्हणत तो रागाने मागच्या सीटवर जाऊन बसला.

चिडू दे. त्याला कुठे शोधायचं, हे निदान त्याच्या आईला तरी कळलं होतं.