साडूंचं बीजिंगदर्शन

पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नेऊन सोडा, तिथे आपलं राहतं डच गाव झूटरमेरच शोधणारा माणूस मी एकच पाहिला आहे आणि दुर्दैवाने तो माझा साडू आहे. हे गृहस्थ मूळचे नाशिकचे. पण वीस-बावीस वर्षं नेदरलँड्समध्ये काढून डच लोकांपेक्षाही डच झाले आहेत. आम्ही राहतो उइटहॉर्नला, गाडीने पाऊण तासावर. तरी त्यांच्याकडे चहाला जायचं तर तीन आठवडे आधी वेळ ठरवावी लागते. जेवण संध्याकाळी सहाला म्हणजे सहाला. सहा-पाचला कोणी बेल वाजवली, तर ते हातातला घास तसाच धरून अशा नजरेने बघतात, की आलेला माणूस "काही नाही, सहज आलो होतो," म्हणत आपण होऊन परत फिरतो. मी दोनदा फिरलो आहे.

अशा माणसाबरोबर मी पाच दिवस बीजिंग पाहिलं. त्यांची मुलगी सई तिथे शिकत होती आणि तिला तिथेच नोकरी मिळत होती. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. त्याआधी तिला समजावून घरी आणायचं, एवढ्यासाठी साडू निघाले होते. मेहुणीला रजा नव्हती, म्हणून तिने मला गळ घातली. "भाऊजी, तुम्ही जा बरोबर. हे एकटे गेले तर एक तर भांडतील, नाहीतर तोंडच उघडणार नाहीत."

तोंड त्यांनी भरपूर उघडलं, फक्त त्या विषयावर नाही. चीनची भिंत पाहून म्हणाले, "लांब आहे, नाही म्हणत नाही. पण आपले बांध समुद्र अडवतात. हिने कोणाला अडवलं?" यातले 'आपले' म्हणजे नाशिकचे नव्हेत, हे सांगायला नको. राजवाड्यात त्यांना बादशहाची दया आली, कारण एवढ्या खोल्या असून एकाही खिडकीला दुहेरी काच नव्हती. "हिवाळ्यात हीटिंगचं काय करत असतील हो?" असं त्यांनी एका पहारेकऱ्याला विचारलं, तेही मराठीत. रस्त्याकडेला सायकलींची वेगळी वाट दिसली, तेव्हा कुठे त्यांनी चीनला सुधारलेल्या देशांत जमा केलं. दुपारी बाराच्या ठोक्याला, चहूकडे गरमागरम नूडल्सचा घमघमाट सुटलेला असताना, ते बाकावर बसत आणि पिशवीतून ब्रेड आणि चीज काढून मलाही देत. इतक्या दूर येऊन मी ते गिळलं, याबद्दल मला अजून कोणी शाबासकी दिलेली नाही. सई रोज आमच्या शेजारी बसायची आणि साडू तिला चीजचे भाव विचारायचे.

शेवटच्या संध्याकाळी सईच्या घरमालकीणबाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. निघणाऱ्याला डम्पलिंग खाऊ घालून पाठवायचं, ही तिकडची रीत. आता, साडू कितीही डच झाले तरी पानात काही टाकायचं नाही, हा एक नाशिकचा संस्कार त्यांनी जपला आहे. त्यांनी ताटली लख्ख केली. बाईंच्या हिशेबी रिकामी ताटली म्हणजे पाहुणा अजून भुकेला. त्यांनी पुन्हा वाढलं. साडूंनी पुन्हा संपवलं. चौथ्या खेपेला साडूंना घाम फुटला होता आणि बाई आणखी पीठ मळायला उठल्या होत्या.

"बाबा, जस्ट लीव्ह समथिंग! शी थिंक्स यू आर स्टिल हंग्री."

"अन्न टाकत नाहीत, सई," साडू कसेबसे म्हणाले.

अखेर सईने त्यांच्या ताटलीवर आडवा हात धरला आणि बाईंना चिनी भाषेत काहीतरी ठणकावलं. बाईंनीही तिला सुनावलं, आणि ती सकाळपासून शिंकत होती म्हणून तिच्या गळ्याला मफलर गुंडाळला. सईने तो काढला. बाईंनी पुन्हा गुंडाळला. मेहुणीचं आणि सईचं घरी अगदी असंच चालायचं. साडू बराच वेळ दोघींकडे बघत राहिले. मग त्यांनी एक डम्पलिंग ताटलीत तसंच ठेवलं आणि हात धुवायला उठले.

विमानात मी विचारलं, "मग? येतेय का सई?"

"मी विचारलंच नाही."

"कमाल करता! पाच दिवस काय केलंत मग?"

ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "विचारलं असतं तर आली असती हो ती."

त्यांची टिंगल करण्यात माझी इतकी वर्षं गेली आहेत. पण त्या क्षणी मला त्यांचं फार वाईट वाटलं आणि तितकाच अभिमानही वाटला. मी नुसता त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो बराच वेळ तसाच राहू दिला.