तळ्यातले मासे आणि मी लिहिलेला अहवाल

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, रुळांवरचे मृतदेह उचलून पंचनामे केले. त्यातले बरेच आता पुसट झाले आहे. एक प्रकरण मात्र पुसले जात नाही. त्यात माणूस मेला नव्हता, मासे मेले होते. आणि चुकलेला माणूस मी होतो, म्हणून कितीतरी वर्षे मी ते कोणाला सांगितले नाही. नाव कोणाचेच घेत नाही.

मी तेव्हा भिलाईतल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या हद्दीत एक मोठे तळे होते. ते सरकारने मच्छीमारांच्या सहकारी समितीला भाडेपट्ट्याने दिलेले. ऐन मे महिन्यात एका सकाळी समितीचे अध्यक्ष वीस-पंचवीस माणसे घेऊन ठाण्यात आले. मुन्शी रोजनामचा, म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही लिहीत होता, त्याच्या टेबलावर त्यांनी एक मेलेला कतला मासा आणून ठेवला.

"साहब, किसी ने तालाब में ज़हर डाल दिया. सब मर गया."

मी लगेच निघालो. तळ्याच्या काठाने पांढरी पोटे वर करून मासे तरंगत होते. मोठमोठे रोहू, कतले. बायका पाण्यात उतरून ते टोपल्यांत भरत होत्या आणि रडत होत्या, कारण ती मासळी विकता येणार नव्हती. मी पंचनामा केला, पाण्याच्या बाटल्या सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवायला सांगितल्या, आणि कोणावर संशय आहे का, असे विचारले.

अध्यक्षांनी कोणाचे नाव घेतले नाही. पण दुपारी एक ठेकेदार ठाण्यात आला. शहरातल्या स्वच्छता मोहिमांची कामे तो घ्यायचा, अधिकाऱ्यांच्या ओळखीचा माणूस. चहा घेता घेता त्याने सांगितले की तळ्याजवळच्या वस्तीतला एक म्हातारा ढीवर, म्हणजे जातीने मच्छीमार, दोन दिवसांपूर्वी संध्याकाळी खांद्यावर पोते घेऊन काठावर गेला होता. समितीने त्याचे नाव सभासदांच्या यादीतून कापले होते, त्यावरून भांडण झाले होते. हेतू मिळाला, साक्षीदार मिळाला. खबर देणाऱ्याला ती का द्यावीशी वाटली, हा प्रश्न पोलिसाने सर्वांत आधी विचारायचा असतो. मी तो विचारला नाही.

म्हाताऱ्याला उचलून आणले. सत्तरीच्या आसपासचा, हातापायाने काटक. चाळीस वर्षांपूर्वी भंडाऱ्याकडून पोलाद प्लांटच्या कामाला आला होता. मुलगाही तिथेच ठेकेदारीत मजूर. हवालदार त्याच्याशी छत्तीसगढीत दरडावून बोलत होता. मी त्याला बाहेर पाठवले आणि आमच्या घरच्या बोलीत सुरुवात केली.

"बाबा, बसा. माहे वडील रेल्वेत होते, नागपूरकडचे. मले घरचा समजा अन् खरं सांगा."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. त्या ठाण्यात आपली बोली ऐकू येईल असे त्यांना वाटले नसावे.

"मी इख नाही टाकलो, साहेब. चुना टाकलो. चार दिवसांपासून मासे सकाळी तोंड वरते काढून राहिले होते. पाण्याचा वास बदलला होता. चुन्यानं पानी सुधरते, माहा बाप असाच करे."

"समितीनं तुमाले काढलं, तरी तुम्ही त्याइच्या तळ्यात चुना टाकाले गेले?"

"तळं का समितीचं आहे, साहेब? मासे तर मरून राहिले होते ना."

मला ते उत्तर बनावट वाटले. खरे सांगायचे तर, मला ते बनावट वाटायला हवे होते. वरून फोन येत होते, तळ्यावरच्या स्वच्छता मोहिमेचे फोटो नुकतेच छापून आले होते आणि प्रकरण लवकर मिटावे अशी सगळ्यांची इच्छा होती. मी त्यांना दिवसभर बाकावर बसवून ठेवले. रोजनामच्यात त्यांची आमद, म्हणजे ठाण्यात आल्याची नोंद, दुसऱ्या दिवशीची दाखवली. मारले नाही. मारले नाही, हे मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एवढेच म्हणालो,

"तुमच्या पोराचा प्लांटचा गेट पास नवा होनार आहे ना? त्याले पोलीस पडताळणी लागते. त्या कागदावर सही माही असते."

ते बाकावरून उठून उभे राहिले.

"त्याले कावून मधात आणता, साहेब?"

मी जबाबाचा कोरा कागद समोर घेतला. शेवटी ते म्हणाले, "लिहा. तुमाले का लिहाचं ते लिहा."

पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात टिकत नाही हे मला ठाऊक होते. पण त्या जबाबावरून घरातून पोते जप्त झाले, पोत्याला पांढरी भुकटी लागलेली होती, आणि कोठडीसाठी तेवढे पुरले. त्यांची रवानगी दुर्गच्या तुरुंगात झाली. त्याच दिवशी वस्तीतल्या काही जणांनी त्यांचे जाळे जाळले.

चौथ्या दिवशी मत्स्य विभागाच्या निरीक्षक आल्या. नव्याने नोकरीला लागलेल्या, स्कूटरवर आलेल्या. त्यांनी मला तळ्यावर चलायला सांगितले. तिथे दोन मच्छीमारांना काठालगतच्या चिखलात जाळे ओढायला लावले. जाळ्यात मागूर मासे वळवळत वर आले. चांगले जिवंत.

"सर, विष असतं तर हे वाचले नसते," त्या म्हणाल्या. "मागूर हवेतला श्वास घेतो. मोठे रोहू-कतले मेले, लहान पिल्लं वाचली, मागूर वाचले. मासे गुदमरून मेलेत. पाण्यात प्राणवायूच उरला नव्हता."

"कशानं?"

त्यांनी काठीने तळाशी ढवळले. काळा, कुजलेला पाला वर आला. "ही जलकुंभी, म्हणजे जलपर्णी. हाताने काढली असती तर काठावर ढीग दिसले असते. ही जागच्या जागी औषध फवारून मारली आहे. मेली, बुडाली आणि कुजली. मोहिमेच्या बिलात मात्र मजूर लावून काढल्याचं लिहिलंय, मी कागद पाहिलाय. फवारणी करताना कोणी पाहिलं असेल तर मला लेखी हवं आहे."

मी पाहिले होते. पंधरवड्यापूर्वी मोठे पाहुणे तळ्यावर यायचे होते, तेव्हा बंदोबस्ताची जागा पाहायला मी आदल्या दिवशी गेलो होतो. तोंडाला फडके बांधलेली दोन माणसे होडीतून फवारा मारत होती. काठावर निळे ड्रम होते. ठेकेदार शेजारी उभा होता. तोच, ज्याने पुढे मला खबर दिली. मी विचारले तेव्हा तो म्हणाला होता, "दवाई है साहब, मच्छर की." दुसऱ्या दिवशी काठावरच्या मंडपात मीही हात पुढे करून पर्यावरणाची शपथ घेतली.

हे मला त्या क्षणी आठवले असे लिहिले तर ते खोटे होईल. मेलेले मासे पाहिले त्या सकाळीच ते ड्रम माझ्या डोळ्यांसमोर आले होते. मी ते बाजूला सारले होते.

निरीक्षकबाई माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणालो, "चौकशी करतो."

त्या संध्याकाळी वरिष्ठांनी बोलावले. ते रागावले नाहीत. "म्हाताऱ्याला सोडून द्या," ते म्हणाले, "पण मोहिमेला यात ओढू नका. उन्हाळा आहे, पाणी कमी होतं, एवढं लिहा." माझी बढतीची यादी निघायची होती. त्यांनी तिचा उल्लेख केला नाही, मीही केला नाही.

प्रयोगशाळेच्या निकालाची वाट न पाहता मी खात्म्याचा, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल लिहिला. मासे उष्णतेमुळे व पाणी घटल्यामुळे नैसर्गिक कारणाने मेले, संशयिताविरुद्ध पुरावा नाही. निरीक्षकबाईंनी आपला वेगळा अहवाल पाठवला होता, पण प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसल्याने तो दाबला गेला आणि काही महिन्यांत त्यांची बदली झाली. मी पुढच्या हुद्द्यावर गेलो.

म्हातारा सुटला. मला वाटले, प्रकरण संपले. पण वस्तीतल्या लोकांना "नैसर्गिक" हा शब्द पटला नाही. सगळे मासे एकाच सकाळी आपोआप कसे मरतील? त्यांनी त्याचा अर्थ लावला की म्हाताऱ्याने साहेबाला हाताशी धरून सुटका करून घेतली. मी खरे कारण लपवले, म्हणून खोटे कारण म्हाताऱ्याच्या माथी राहिले. त्यांना तळ्याच्या घाटावर उतरू देत नव्हते. नातीचे लग्न वस्तीत ठरेना. हे मला आमच्याच हवालदाराने कधीतरी सहज सांगितले. मी ऐकले आणि फाइल पुढे ओढली.

आठ वर्षांनी, निवृत्तीनंतर वर्षभराने, मी त्यांच्या घरी गेलो. ते खाटेवर बसले होते. मी काय केले आणि काय लपवले, ते सगळे सांगितले. शेवटी म्हणाले,

"मले सांगून का फायदा? मले तर मालूमच होतं. समितीत जाऊन सांगा."

दोन आठवड्यांनी समितीची सभा होती. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर साठेक माणसे बसली होती. मी उभा राहिलो आणि हिंदीत सांगितले. फवारणी मी पाहिली होती, जबाब मी मुलाची भीती दाखवून घेतला होता, अहवाल मी खोटा लिहिला होता. हे सगळे लिहून, सही करून एक प्रत मी अध्यक्षांना दिली, एक मत्स्य विभागाला पाठवल्याचे सांगितले.

मागून एका बाईने विचारले, "तब क्यों नहीं बोले, साहब?"

"प्रमोशन होना था," मी म्हणालो.

अध्यक्षांनी म्हाताऱ्याचे नाव सभासदांच्या यादीत पुन्हा घ्यायचा ठराव मांडला, हात वर झाले. मग त्यांनी मला बसायला सांगितले आणि सभा मत्स्यबीज कुठून आणायचे या विषयावर गेली. मी आणखी थोडा वेळ बसलो. माझे तिथे काही काम उरले नव्हते.

मला विचारतात, एवढ्या नोकरीत काय शिकलात. पूर्वी मी खबऱ्यांबद्दल, तपासाबद्दल बोलायचो. आता एवढेच सांगतो की अहवालात जो गुन्हेगार आपण लिहायचे टाळतो, त्याची जागा रिकामी राहत नाही. लोक तिथे कोणाला तरी बसवतात, आणि बहुधा तो माणूस असतो ज्याला आपण एकदा ठाण्यात बसवून ठेवलेले असते. त्या म्हाताऱ्यांच्या आयुष्याची आठ वर्षे मी एका शब्दाने खाल्ली. मी त्यांची माफी मागितलेली नाही. मागितली असती, तर ती द्यायची की नाही हे ओझेही त्यांनाच उचलावे लागले असते.