मावशीचा पासपोर्ट

माझ्या अंबडच्या मावशीला फसवील असा माणूस अजून जन्माला यायचा आहे, आणि आलाच तर मावशी आधी त्याला गाव विचारील, मग तू कुणाचा म्हणून विचारील, आणि तो बिचारा उत्तरं देता देता फसवायचंच विसरून जाईल.

काका गेल्यावर तिनं बँकॉकच्या सहलीचं काढलं तेव्हा तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, हबकलाच. परदेशात लुटल्या गेलेल्या पर्यटकांचे व्हिडिओ बघून बघून त्याची झोप उडाली. शेवटी मला सोबत धाडून त्यानं अट घातली, "आई, तिथं एक जरी वस्तू हरवली, तर ही तुझी शेवटची ट्रिप." मावशी म्हणाली, "बरं. अन् न्हाई हरवली तर पुढच्या साली दुसरीकडं." झालं, तो तिच्या इज्जतीचा सवाल झाला. परकराला आतून चोरखिसा शिवून तिनं त्यात पासपोर्ट ठेवला. तो काढायचा म्हणजे मला पाठ करून उभं राहावं लागे, आणि विमानतळावरचा अधिकारीसुद्धा आपसूक छताकडे बघे.

बँकॉकला उतरताच गाइडनं सगळ्यांचे पासपोर्ट "माझ्याकडे सुरक्षित राहतील" म्हणून गोळा करायला घेतले. भले भले मुकाट्यानं देत होते. मावशी म्हणाली, "तुमचं बराबर हाय, पण तुम्हीच हरवले तर आम्ही कुणाला धुंडायचं?" गाइड पुढं सहलभर तिला बिचकून होता. नदीवरच्या नावेत तर तिनं काठावरूनच खिडकीतून रुमाल टाकला, एसटीत जागा धरतो तसा. आतल्या एका तरुण बाईनं त्या रुमालाची नीट घडी केली आणि बाहेर येऊन, वाकून नमस्कार करत तो मावशीच्या हातात दिला. मावशी म्हणाली, "माणसं लई चांगली हायेत. पण जागा गेली ना!"

एका सकाळी आम्ही दोघंच मोठ्या देवळाकडे निघालो. वाटेत एक टापटीप कपड्यांतला गृहस्थ भेटला. देऊळ आज बंद आहे, असं इंग्रजीत हळहळून सांगू लागला. तोवर माझ्या दुकानाकडे चला, रत्नं स्वस्तात मिळतील. त्यानं टुकटुकही थांबवली, म्हणजे आपली रिक्षाच. मी तर आत बसलोसुद्धा.

"काय सांगून राह्यला रे तो?"

मी सांगितलं.

"बंद? त्याला इचार, आज गिऱ्हान हाय का?"

मी ग्रहणाचं विचारलं. गृहस्थानं आधी आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गिऱ्हान न्हाई तर देऊळ बंद कस्काय? अन् असू दे बंद. कळसाला हात जोडून माघारी येऊ. उतर खाली!" असं म्हणून तिनं मला दंडाला धरून ओढलं आणि रस्त्याच्या मधोमध चालायला लागली. पुढं देऊळ सताड उघडं होतं आणि दर्शनाला ही गर्दी.

परतल्यावर जालना स्टेशनावर भाऊ न्यायला आला होता. मावशीनं फलाटावरच पिशवी उघडून सगळं दाखवलं, चोरखिशातून आता पिशवीत आलेला पासपोर्टसुद्धा. काहीही हरवलं नव्हतं. भाऊ खूश झाला आणि त्यानं हात पुढे केला. "आण तो पासपोर्ट. माझ्या कपाटात राहू दे."

मावशीनं पिशवी बंद केली. "परक्या मुलखात कुणाला दिला न्हाई. तुलाबी देनार न्हाई. बिलकुल न्हाई."

"आई, बाबा गेले. आता तूच तेवढी..." तेव्हा मला कळलं की त्याला चोरांची भीती कधी नव्हतीच. मावशीलाही कळलं असावं. तिनं त्याच्या पाठीवरून कितीतरी वेळ हात फिरवला, पण पासपोर्ट दिला नाही.

पुढच्या साली जाणं राहिलं. गुडघ्यांनी दगा दिला, यंदाही तेच. तरी मी अंबडला गेलो की चहा देता देता ती विचारते, "तिकडं थंडी किती राहती रे?" तिकडं म्हणजे कुठं, हे ती सांगत नाही आणि मी विचारत नाही. "शाल पुरेल, मावशी," मी म्हणतो, आणि तो पासपोर्ट घेऊन तिनं खरंच जावं असं मला फार वाटतं.