वाहत्या पाण्यापुढे थांबले तेव्हा

त्या वर्षी देवाशी माझं बोलणं बंद होतं. यजमान आजारी असताना रोह्याच्या ग्रामदैवताच्या, धावीर महाराजांच्या पायरीवर मी कितीदा डोकं टेकलं, तरी ते गेलेच. त्यानंतर सासूबाई देवळात गेल्या की मी बाहेर चपलांपाशी उभी राहायचे. यजमानांची व्हॅन मात्र विकू दिली नाही. हट्टाने चालवायला शिकले. बाजार, स्टेशन, फार तर पुलापलीकडचं अष्टमी गाव, एवढीच माझी मजल. मुसळधार पावसात मी तिला हातही लावत नसे.

आषाढातल्या एका सकाळी माझी धाकटी जाऊ सुजाता हिला कळा सुरू झाल्या. दीर कंपनीत पहिल्या शिफ्टला गेलेले. रोह्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहरा बदलला. मूल पायाळू होतं, ऑपरेशन लागणार होतं आणि भूल देणारे डॉक्टर पावसामुळे अडकले होते. "पेणला न्या, मी तिथे कळवून ठेवते," त्या म्हणाल्या. रुग्णवाहिका आधीच दुसऱ्या कुणाला घेऊन गेली होती. भाड्याच्या गाडीवाल्याने आभाळाकडे बघून मान हलवली. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी किल्ली उचलली.

जवळच्या खिंडीच्या रस्त्यावर झाड पडलं होतं, म्हणून लांबच्या वाटेने, कोलाडवरून निघाले. वायपर पाणी बाजूला सारत होता आणि पुढच्याच क्षणी काच पुन्हा आंधळी होत होती. दिवे लावले, वेग उतरवला, ब्रेक हलक्या पायाने दाबत राहिले. मागे सुजाता कण्हली की पाय आपसूक ॲक्सिलरेटरवर जाई, तो मी मागे घेई. हायवेला पुढे एक एसटी मिळाली. तिचे लाल दिवे दिसतील, पण तिने उडवलेलं पाणी काचेवर येणार नाही, एवढं अंतर ठेवून मी तिच्या मागे चालले.

खांब गाव मागे पडल्यावर एसटी थांबली. पुढे मोरीवरून गढूळ पाणी वाहत होतं. रस्ता कुठे संपतो आणि शेत कुठे सुरू होतं, कळत नव्हतं. ड्रायव्हर छत्री घेऊन उतरला, पाण्याकडे बघून माझ्या खिडकीशी आला.

"ताई, पाण्याला उतार पडल्याशिवाय मी गाडी घालणार नाय. तुम्ही पण घालू नका."

"आत पोटुशी बाई आहे हो, अडलेली!"

"म्हणूनच सांगतो."

सासूबाई मागून रडवेल्या झाल्या. "गो, काढ ना गाडी! पोरीचं काय होईल?" तेवढ्यात एक जीप हॉर्न वाजवत आम्हाला ओलांडून पाण्यात शिरली आणि मध्यावर बंद पडली. आतली माणसं दाराबाहेर पडताच कमरेपर्यंत बुडाली. गावकऱ्यांनी दोर टाकून त्यांना ओढून घेतलं. जीप तिरकी होत होत शेताकडे सरकली.

मी हँडब्रेक ओढला. कितीतरी महिन्यांनी देवाशी बोलायला तोंडातून शब्द फुटले, "महाराज, पलीकडे न्या असं म्हणत नाही. मला इथे थांबून राहायचं बळ द्या."

मग मागचं दार कुणीतरी ठोठावलं. डोक्यावर प्लास्टिक घेतलेल्या एक वयस्क बाई. ड्रायव्हरने एसटीतल्या प्रवाशांना सांगितलं होतं, ते ऐकून त्या उतरून आल्या होत्या. "मी सिस्टर हाय, सरकारी दवाखान्यात व्हते. सरका जरा." त्या आत शिरल्या, हात पुसले, सुजाताला डाव्या कुशीवर वळवलं, पोटावर हात ठेवून कळा जोखल्या. "अजून अवकाश हाय. जोर लावायचा नाय गो बाय, तोंडाने फू फू कर. माझ्याकडं बघ." तिचं कण्हणं हळूहळू लयीत आलं. सासूबाईंचं रडणं थांबलं. पाऊस तसाच कोसळत होता, पण गाडीतली भीती ओसरली.

पुष्कळ वेळाने मोरीचे कठडे वर आले. एसटी पलीकडे गेली, ड्रायव्हरने हात दाखवला, मग मी पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, तिच्याच वाटेने गाडी काढली. पलीकडे जाताच हलके हलके दाबून भिजलेले ब्रेक कोरडे केले. सिस्टर उतरल्याच नाहीत. नागोठणे गेलं, वडखळ गेलं, त्या सुजाताचा हात धरून बसून होत्या.

पेणला मुलगी झाली. दोघी सुखरूप. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी सिस्टरांच्या पाया पडले. त्या रोह्याला बहिणीकडे आल्या होत्या. आधीच्या एसटीने निघणार होत्या, पण बहिणीने जेवायला थांबवून घेतलं.

"तुम्ही त्या गाडीत नसतात तर काय झालं असतं?" मी विचारलं.

"पण व्हते ना गो," त्या हसून म्हणाल्या आणि पदराने माझे डोळे पुसले.

याला कुणी योगायोग म्हणेल. मी वाद घालत नाही. यजमानांना का नेलं, हे मला आजही कळलेलं नाही. पण त्या दुपारी एवढं उमगलं, की देवावर भार टाकायचा म्हणजे स्टिअरिंग सोडायचं नाही. आपल्या हातात आहे तेवढं घट्ट धरायचं आणि वाहत्या पाण्यापुढे मान तुकवून थांबायचं. आता मी कोसळत्या पावसातही गाडी चालवते. रस्त्यावर पाणी दिसलं की थांबते. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. मी स्टिअरिंगवर हात ठेवून महाराजांशी बोलत बसते.