कौलं काढल्याची गोष्ट

तो दिवस काल घडल्यासारखा दिसतो. शाहूवाडीकडच्या एका लहान पोलीस ठाण्यात मी सफाईला होते. अधिकारी नव्हते, पण बावीस वर्षांत केसेस पुष्कळ पाहिल्या. ही एकच लिहून ठेवावीशी वाटली.

एका वाडीवरून अर्ज आला होता. अर्धांगवायू झालेल्या आमच्या वहिनीला एक ख्रिस्ती बाई मंतरलेलं तेल लावते, धर्म बदलायची जबरदस्ती करते, असं तिच्या दिराचं म्हणणं. साहेबांनी बाईंना चौकशीला बोलावलं. साठीच्या, पांढरं सुती लुगडं, पायात झिजलेल्या चपला. पंचांसमोर पिशवी उघडली. तिळाच्या तेलाची बाटली, जुना टॉवेल, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं बायबल.

साहेब म्हणाले, "येशूचं नाव यापुढं कुणापुढं काढणार नाही, असं लिहून द्या. नाहीतर गुन्हा दाखल करावा लागेल."

"त्येवढं सोडून काय बी लिवून देतो, साहेब."

महिला पोलीस बंदोबस्ताला गेल्या होत्या. अशा वेळी चौकशीला आलेल्या बाईजवळ मला बसवायचे. मी अबोल. पण त्या दिवशी राहवलं नाही. विचारलं, "असं काय सांगता वो, की वाडी एवढी चिडली?"

बाई सरसावून बसल्या. "येशू एका घरात बसलावता. दारात ही गर्दी! भाईर एक लुळा माणूस. त्येचं चार दोस्त चढलं छपरावर, कौलं काढली आन् खाटंसकट त्येला खाली सोडला, येशूच्या म्होरं."

"आणि घरमालक?"

"त्येचं काय लिवल्यालं न्हाय बघा. मला बी त्येचीच काळजी वाटती."

मी मोठ्यानं हसले. ठाणे अंमलदार ओरडले, "साहेब, ही हितं बी सुरू झाली की!"

साहेब समोर येऊन उभे राहिले. "आक्का, खरं सांग. तुलाही शिकवलं हिनं?"

नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर बाईंवर गुन्हा. साहेबांकडे मी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. "सांगितलं, साहेब. पण मी विचारलं म्हणून." आणि पुढचं आपोआप तोंडातून गेलं, "त्या वहिनीला कुणी विचारलंय का?"

साहेबांनी कागद चाळले. जबाब दिराचा होता, शेजाऱ्यांचा होता. तिचा नव्हता.

गाडी वाडीवर गेली. साहेबांनी खाटेजवळ बसून जबाब घेतला. ती म्हणाली, "मीच बोलवतो तिला. माझा हात धरायला घरात कोण येत न्हाय, ती येती. गोष्ट बी मीच मागतो, रोज नवी." हवालदार सांगत होते, दीर तिथंच खाली बघत उभा होता.

ठाण्यात सगळे मोठ्यानं बोलतात. जिच्यावरून भांडण, तिचाच आवाज राहून जातो. पुढं कुठलीही बाई आली की पाण्याचा तांब्या देताना मी आधी तिलाच विचारायचे. माझा देव्हारा आहे तसाच आहे, पण हे मी त्या बाईंमुळं शिकले.

अर्ज निकाली निघाला. तरी साहेबांना कागद हवाच होता. बाईंनी सांगितलं, "बोलवल्याबिगर जानार न्हाय. पर कोन इचारलं, तर गप बसनार न्हाय." साहेब हसले. "लिहा तसंच." मग साक्षीदार म्हणून पेन माझ्यापुढं धरलं. चौथीतलं अक्षर, जोडून जोडून सही केली. हजेरीपटाबाहेरची माझी ती पहिली सही.

बाई पिशवी उचलून उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "येतो, आक्का. आज तुमी बी कौलं काढलीसा की."