सुलेमानियातली जुनी गल्ली

मंडळी, शेजारचा आझाद आज माझ्या लॅपटॉपवर त्याचं शहर बघायला आला. तो इराकमधल्या सुलेमानियाचा कुर्द. आम्ही दोघंही इथे टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये एकटेच राहतो.

त्याला भावानं फोनवर सांगितलं होतं, रस्ता रुंद झाला, फ्लायओव्हर आला, आता ट्रॅफिक तुंबत नाही. आपलं घर त्यातच गेलं. सॅटेलाइटच्या फोटोत मात्र जुनी अरुंद गल्ली होती, घरासकट.

मी म्हटलं, "सॉरी, फोटो जुना आहे."

"असू दे. नव्या रस्त्यावर मला कोण ओळखतंय?"

तो गेल्यावर मी आमचं सांगलीचं घर शोधलं. बाबांनंतर आम्ही ते बिल्डरला दिलं. फोटोत छपरावर बाबांनी बांधलेली निळी ताडपत्री अजून आहे.

तुमची घरं दिसतायत का? बघून घ्या, फोटो अपडेट व्हायच्या आत.